दोघांनी चालवायची शर्यतीची होडी कशी निवडावी?

वाचकांचे प्रश्न

शिडाच्या लहान होड्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या अंकात घेतली आहेत. दोघांनी मिळून चालवायची आणि क्लबच्या शर्यतीत उतरवायची डिंगी कोणती घ्यावी, हाच प्रश्न चौघांनी आपापल्या परीने विचारला आहे. पहिल्या पत्राचे उत्तर सविस्तर दिले आहे, कारण त्यातील पुष्कळसा भाग इतरांनाही लागू पडतो.

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा असून गेली अकरा वर्षे इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ राहतो. घराजवळच्या एका लहान जलाशयावरील क्लबात मी आणि माझी पत्नी दोन वर्षांपूर्वी शिडाची होडी चालवायला शिकलो. आता स्वतःची होडी घेऊन रविवारच्या शर्यतींत भाग घ्यावा असे वाटते. आम्हा दोघांचे मिळून वजन सुमारे १२५ किलो आहे. क्लबात एंटरप्राइज जातीच्या आठ-नऊ, जीपी १४ जातीच्या चार आणि आरएस २०० जातीच्या दोन होड्या नियमित उतरतात. आधुनिक आणि वेगवान म्हणून आरएस २०० घ्यावी असा मित्रांचा आग्रह आहे. होडी जुनीच घेणार आहोत. आपण काय सुचवाल?

उत्तर : एंटरप्राइज घ्यावी. आरएस २०० ही उत्तम होडी आहे आणि मित्रांचा सल्ला सद्भावनेचा आहे यात शंका नाही. परंतु आपले पाणी, आपला क्लब आणि आपला अनुभव या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या तर माझे मत एंटरप्राइजच्या बाजूने पडते.

आपण दिलेली होड्यांची संख्या हेच त्याचे पहिले कारण आहे. एकाच जातीच्या आठ-नऊ होड्या एकत्र सुटतात तेव्हा जी आधी पोहोचते ती जिंकते आणि हिशेब तिथेच संपतो. होड्या वेगवेगळ्या जातींच्या असतील तर ब्रिटनमधील क्लब पोर्ट्समथ यार्डस्टिक नावाची पद्धत वापरतात. तिथली राष्ट्रीय नौकानयन संघटना प्रत्येक जातीचा एक अंक प्रसिद्ध करते आणि क्लब आपल्या अनुभवाप्रमाणे त्यात थोडा बदल करतात. होडीला लागलेला वेळ हजाराने गुणून त्या अंकाने भागायचा, की शर्यतीचा वेळ निघतो. एंटरप्राइजचा अंक सुमारे ११२० आणि आरएस २०० चा सुमारे १०५० धरला, तर ५६ मिनिटांत आलेली एंटरप्राइज आणि साडेबावन्न मिनिटांत आलेली आरएस २०० या दोघींचा हिशेब ५० मिनिटे येतो, म्हणजे त्या बरोबरीत सुटतात. ही पद्धत न्याय्य असली तरी शिकणाऱ्याला त्यातून फारसे काही उमगत नाही. शेवटच्या दहा मिनिटांत वारा पडला, तर मागे राहिलेल्या संथ होडीचे सारे गणित कोलमडते आणि आपण हरलो ते चुकीमुळे की वाऱ्यामुळे, हे कळतच नाही. याउलट शेजारून जाणारी होडी आपल्यासारखीच असेल आणि तरीही ती पुढे सरकत असेल, तर कारण डोळ्यांसमोर असते. तिचे पुढचे शीड आपल्यापेक्षा चार बोटे सैल आहे, तिची माणसे आपल्यापेक्षा पुढे सरकून बसली आहेत, एवढे पाहिले तरी पुढच्या फेरीत सुधारणा करता येते. मी स्वतः पहिली दोन वर्षे मिश्र शर्यतींत काढली आणि तिसऱ्या वर्षी एकजातीच्या शर्यतीत आलो. त्या एका हंगामात जेवढे शिकलो तेवढे आधीच्या दोन वर्षांत मिळून शिकलो नव्हतो.

दुसरे कारण पाण्याच्या आकारात आहे. आरएस २०० ला नाळेपुढे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाबाहेर, निघणाऱ्या दांडीवर उभारायचे असममित स्पिनेकर असते, म्हणजे पाठीमागच्या वाऱ्यात फुगणारे मोठे हलके शीड. वारा पाठीमागून असताना अशा शिडाची होडी सरळ वाऱ्याच्या दिशेने नेली तर ती मंदावते. तिला एका बाजूला तिरपे नेऊन, मग शिडे पालटून दुसऱ्या बाजूला न्यावे लागते आणि तेव्हा कुठे तिचा वेग प्रकट होतो. मोठ्या जलाशयावर किंवा समुद्रात हा प्रकार विलक्षण आनंद देतो. लहान तलावावर मात्र स्पिनेकर वर चढवून ते भरेपर्यंत समोर काठ येतो, ते उतरवावे लागते, आणि तोवर एंटरप्राइजवाले जोडपे पुढचे शीड एका काठीने वाऱ्याच्या बाजूला ताणून सरळ रेषेत बोयापर्यंत, म्हणजे वळणाची खूण म्हणून तरंगत ठेवलेल्या पिंपापर्यंत, पोहोचलेले असते.

वजनाविषयी आपण स्वतःहून लिहिलेत हे फार बरे केलेत, कारण अनेकजण ही गोष्ट संकोचाने टाळतात आणि नंतर पस्तावतात. दोघांच्या डिंगीत उलटू पाहणारी होडी सावरायला माणसांच्या वजनाखेरीज दुसरे काही नसते. आरएस २०० मध्ये साधारण १२० ते १४० किलोंची जोडी शोभते, म्हणजे आपण तिथेही बसाल. एंटरप्राइजमध्ये १२५ किलो हे वजन हलक्या आणि मध्यम वाऱ्यात आपल्याला साथ देईल. जोराच्या वाऱ्यात मात्र तिची १०.५ चौरस मीटरांची शिडे आपल्याला भारी पडू लागतील, कारण ४.०४ मीटर लांबीच्या होडीच्या मानाने ती मोठीच आहेत. अशा वेळी मोठ्या शिडाची दामण, म्हणजे ते ओढून धरणारी दोरी, सैल सोडून वारा सांडवावा लागतो, आणि त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. या होडीसाठी सुमारे ७.४ चौरस मीटरांचा लहान शिडांचा संचही असतो. सरावाला तो अवश्य वापरावा.

ही होडी जॅक होल्ट या इंग्रज रचनाकाराने १९५६ साली न्यूज क्रॉनिकल या वृत्तपत्रासाठी आखली आणि तिची निळी शिडे तेव्हापासून तिची ओळख झाली. तिला स्पिनेकर नाही आणि ट्रॅपीझही नाही, म्हणजे डोलकाठीला बांधलेल्या तारेला लटकून होडीबाहेर उभे राहण्याची सोय नाही. ज्यांना या दोन गोष्टींची ओढ आहे त्यांना ती साधी वाटते. मला तो साधेपणा नवशिक्या जोडप्यासाठी वरदान वाटतो, कारण पहिल्या दोन वर्षांत शर्यती हरतात त्या सुरुवातीच्या रेषेवर उशिरा पोहोचल्याने, वाऱ्याची पालटलेली दिशा न ओळखल्याने आणि बोयाजवळ गोंधळ झाल्याने. दोऱ्या जितक्या कमी, तितके लक्ष या गोष्टींकडे राहते.

जीपी १४ विषयी थोडे लिहिले पाहिजे. तीही जॅक होल्ट यांचीच, १९४९ सालची. लांबी चौदा फूट, वजन सुमारे १३३ किलो. एंटरप्राइजचे वजन ९० ते ९५ किलोंच्या घरात आहे, तेव्हा शर्यत संपल्यावर ओल्या उतारावरून होडी वर ओढताना हा फरक आपल्या दोघांच्या पाठीला नक्कीच जाणवेल. पाण्यावर मात्र तेच वजन तिला स्थैर्य देते. तिच्यात ऐसपैस जागा आहे आणि तिला एक स्पिनेकरही आहे. आपल्या क्लबातील होड्यांची संख्या उलट असती, म्हणजे जीपी १४ आठ आणि एंटरप्राइज चार असत्या, तर मी तिचेच नाव घेतले असते.

जुनी होडी घेताना रंगाच्या चमकेपेक्षा पुढील गोष्टी पाहाव्यात. होडीच्या तळावर, विशेषतः सेंटरबोर्डच्या, म्हणजे तळातून पाण्यात उतरवायच्या फळीच्या, पेटीच्या दोन्ही अंगांना आणि डोलकाठीच्या पायाशी, हाताच्या तळव्याने जोर देऊन दाबावे. तिथे दबल्यासारखे किंवा पिचल्यासारखे वाटले तर ती होडी सोडून द्यावी. जुन्या बांधणीच्या एंटरप्राइज उलटून सरळ केल्यावर पाण्याने काठोकाठ भरतात आणि ते पाणी उपसण्यात शर्यत संपते. नंतरच्या दुहेरी तळाच्या होड्यांतून पाणी आपोआप वाहून जाते. थोडे अधिक पैसे पडले तरी अशीच घ्यावी. होडीला बुडू न देणाऱ्या हवाबंद कप्प्यांची झाकणे उघडून आत ओल आहे का ते पाहावे. मोजमापाचे प्रमाणपत्र मागावे, कारण त्याशिवाय क्लबाबाहेरच्या स्पर्धेत अडचण येते. शिडे किती वर्षांची आहेत हे विचारताना ती किती हंगाम प्रत्यक्ष वापरली तेही विचारावे. कापड हातात धरून चुरगाळले असता ते चुरचुरीत न लागता जुन्या चादरीसारखे मऊ लागले, तर नव्या शिडांचा खर्च किमतीत धरावा. होडी उतारावरून नेण्याची हातगाडी आणि मोटारीमागे जोडायचा ट्रेलर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दोन्ही किमतीत येतात का, याची खात्री करावी. दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा तिकडच्या क्लबांत बहुतेक ठिकाणी सक्तीचा असतो, तोही खर्चात धरावा.

आणि हे सगळे करण्याआधी चार रविवार दुसऱ्यांच्या होडीत क्रू, म्हणजे सुकाणूवाल्याचा जोडीदार, म्हणून बसावे. प्रत्येक क्लबात कोणाचा ना कोणाचा तरी जोडीदार आजारी किंवा परगावी असतोच. पती-पत्नींनी वेगवेगळ्या होड्यांत बसावे आणि घरी आल्यावर एकमेकांना काय दिसले ते सांगावे. सुकाणू कोणी धरायचे, हा प्रश्नही त्या चार रविवारांत बराचसा सुटेल.

प्रश्न : माझी मुलगी १५ वर्षांची असून तिचे वजन ५२ किलो आहे. मुलगा १३ वर्षांचा, ४१ किलोंचा आहे. दोघेही मुंबई बंदरात ऑप्टिमिस्ट ही मुलांनी एकट्याने चालवायची लहान होडी चालवायला शिकले. आता दोघांना मिळून ४२० घेऊन द्यावी असा विचार आहे. मुलगी मोठी व अधिक अनुभवी असल्याने सुकाणू तिने धरावे असे आम्ही ठरवले आहे. हे योग्य होईल का? (एक पालक, ठाणे)

उत्तर : होडीची निवड योग्य आहे, परंतु वेळ आणि जागा यांविषयी माझे मत आपल्यापेक्षा वेगळे आहे.

४२० ही फ्रान्समध्ये ख्रिस्तियान मोरी यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस आखलेली होडी आहे. तिचे नाव तिच्या सेंटिमीटरमधील लांबीवरून पडले. वजन सुमारे ८० किलो, दोन शिडे आणि स्पिनेकर, आणि एकासाठी ट्रॅपीझ, अशी तिची रचना आहे. दोघांसाठीच्या होडीतील सगळी कामे ती मुलांना योग्य क्रमाने शिकवते आणि पुढे ४७० या तशाच पण मोठ्या होडीकडे जाण्याचा रस्ता मोकळा करते. ४७० ही १९७६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपासून तीत एक स्त्री व एक पुरुष अशी मिश्र जोडी असते. बहीण-भावाच्या जोडीला ही गोष्ट उत्साह देणारी आहे.

अडचण अशी की आपल्या मुलांचे एकत्रित वजन ९३ किलो भरते, तर ४२० साठी साधारण ११० ते १३० किलोंची जोडी लागते. मुंबई बंदरात दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा जोर धरतो आणि तो शहराच्या उंच इमारतींवरून येत असल्याने काठाजवळ झोतांनी आदळतो. भरतीचा प्रवाह वाऱ्याच्या समोरून आला की लहान पण उभ्या लाटा उठतात. उधाणाच्या दिवसांत इथे पाणी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते, त्यामुळे प्रवाहाचा जोरही मोठा असतो. ९३ किलोंची जोडी अशा दिवशी सतत उलटत राहील आणि मुलगा घाबरला तर त्याची आवड कायमची जाईल. म्हणून या हंगामात मुलाने ऑप्टिमिस्टच चालवावी. त्याचे वय आणि वजन अजून तिला साजेसे आहे, आणि त्या होडीची वयोमर्यादा पंधरा वर्षांची असल्याने त्याच्या हाती वेळही आहे. मुलीने क्लबाच्या ४२० वर एखाद्या मोठ्या जोडीदारासह ट्रॅपीझ शिकावे. पावसाळ्यात होड्या बाहेर काढल्या जातात, त्या सुटीनंतर पुन्हा वजन पाहावे. या वयात एका वर्षात पुष्कळ फरक पडतो.

आता जागेविषयी. ट्रॅपीझवर उंच आणि वजनदार व्यक्ती असावी, कारण तारेवर उभ्या असलेल्या माणसाचे वजन होडीच्या मध्यापासून जितके दूर, तितके ते अधिक उपयोगी पडते. म्हणजे आज जी परिस्थिती आहे तीत सुकाणू धाकट्याकडे आणि ट्रॅपीझ ताईकडे असणे शास्त्राला धरून आहे. यात मुलीला दुय्यम स्थान मिळते असे कृपया समजू नये. ४२० मध्ये क्रू पुढचे शीड सांभाळतो, स्पिनेकर चालवतो, होडीचा तोल राखतो, आणि पुष्कळदा डावपेचही तोच सांगतो, कारण सुकाणूवाल्याची नजर शिडावर आणि लाटांवर खिळलेली असते. मुंबईच्या श्वेता शेर्वेगर आणि चेन्नईच्या वर्षा गौतम यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत फोर्टीनाइनर एफएक्स या अतिशय वेगवान होडीत रौप्यपदक मिळवले. तशा होडीत तर दोघीही तारेवर असतात आणि दोघींपैकी एकीचे काम थांबले तर होडी क्षणात उलटते. ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी.

ट्रॅपीझचा कमरपट्टा घेताना त्याचा आकडा संकटाच्या वेळी पट्ट्यापासून चटकन सुटणारा आहे ना, हे पाहावे. उलटलेल्या होडीखाली आकडा अडकण्याचा धोका खरा आहे, तेव्हा इथे पैसे वाचवू नयेत.

प्रश्न : एका परिचितांकडे लाकडी फायरबॉल वीस वर्षांपासून पडून आहे आणि ती जवळजवळ फुकट मिळत आहे. माझ्या क्लबात दुसरी फायरबॉल कोणाकडे नाही. घ्यावी का? (एक वाचक, कुलाबा)

उत्तर : शर्यतीसाठी घेऊ नये. फायरबॉलविषयी मला मनापासून आदर आहे. पीटर मिल्न यांनी १९६२ मध्ये आखलेली ही लांब, चपट्या नाळेची होडी आहे. १९८२ च्या आशियाई स्पर्धेतील शिडाच्या शर्यती मुंबईत झाल्या, तेव्हा फारूख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी याच होडीत भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. त्यामुळे मुंबईकराचे मन या होडीकडे ओढ घेते हे मी समजू शकतो. परंतु आपल्या क्लबात आपण एकटेच असाल, प्रत्येक वेळी हँडिकॅपच्या, म्हणजे वेगवेगळ्या जातींच्या वेळांची तुलना करणाऱ्या अंकांच्या, हिशेबाने धावाल, आणि सुटा भाग मोडला तर तो शेजारच्या होडीवाल्याकडून उसना मिळणार नाही. वीस वर्षे पडून असलेल्या प्लायवूडच्या कडा आणि सेंटरबोर्डची पेटी कुजलेली असण्याचा संभव फार आहे, आणि फुकटच्या होडीची डोलकाठी, शिडे व दोऱ्या नव्याने घ्याव्या लागल्या की ती चांगल्या स्थितीतील जुन्या होडीपेक्षा महाग पडते. आपल्याला लाकूडकाम आवडत असेल आणि दोन पावसाळे तिच्या दुरुस्तीत घालवण्याची तयारी असेल, तर ती वेगळ्या आनंदासाठी जरूर घ्यावी.

प्रश्न : तरुणपणी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत असताना मी पीकॉक बे इथे एंटरप्राइज चालवली होती. आता साठी ओलांडलेले आम्ही सहा मित्र पुण्याजवळच्या एका धरणाच्या जलाशयावर आपापसांत शर्यती घेण्यासाठी तीन होड्या घेऊ इच्छितो. प्रत्येक जोडीची आवड वेगळी आहे. (एक निवृत्त अधिकारी, पुणे)

उत्तर : आवड वेगळी असली तरी तिन्ही होड्या एकाच जातीच्या घ्याव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तीन वेगळ्या होड्यांची शर्यत दर वेळी वादात संपते. तीन सारख्या होड्यांत जोड्या बदलता येतात, होड्या बदलता येतात, आणि एकीचे सुकाणू दुसरीला लागते.

जात एंटरप्राइजच असावी. आपल्याला ती परिचित आहे, सैन्यदलांतील अनेकांचा हात तिच्यावर बसलेला आहे, आणि १९८२ च्या आशियाई स्पर्धेत या वर्गातही भारताने कांस्यपदक मिळवले होते, तेव्हा तिला आपल्याकडे परंपरा आहे. डोंगरांच्या खिंडींतून जलाशयावर येणारा वारा सारखा दिशा बदलतो आणि अचानक झोत मारतो, हे आपण जाणताच. म्हणून वर उल्लेख केलेला लहान शिडांचा संच तिन्ही होड्यांसाठी घ्यावा आणि वारा वाढला की तिघांनी एकदमच तो चढवावा, म्हणजे बरोबरी टिकते.

साठीनंतर उलटलेली होडी सरळ करणे जमते, परंतु पाण्यातून पुन्हा होडीत चढणे जड जाते. त्यासाठी मागच्या बाजूला पाय टेकता येईल असा दोरीचा फास कायम बांधून ठेवावा आणि एकदा शांत दिवशी काठाजवळ मुद्दाम होडी उलटवून सहाही जणांनी चढण्याचा सराव करावा. तरंगण्याचे जाकीट पाण्यात असेपर्यंत काढू नये. खर्चाची ओढाताण होत असेल तर तिसरी होडी पुढच्या वर्षावर टाकावी आणि त्या पैशात मोटार बसवलेली एक लहान मदतहोडी आधी घ्यावी.

जलाशयावर उतरण्याच्या परवानगीचा विषय जलसंपदा विभागाकडे आधीच मिटवावा. जागा ठरवताना ती दसरा-दिवाळीच्या सुमारास, धरण भरलेले असताना पाहू नये. एप्रिल-मेमध्ये पाणी खाली जाते, तेव्हा काठापासून पाण्यापर्यंत किती अंतर चिखलातून होडी ओढावी लागेल ते स्वतः चालून पाहावे आणि मगच होड्यांसाठी शेड कुठे बांधायची ते ठरवावे.